झारच्या गादीचा वारस कोण ठरवीत असे?

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागील वर्गात १९१७ सालच्या क्रांतीची चर्चा चालू असताना एका तरुण सभासदाने प्रश्न विचारला होता. तीनशे वर्षे राज्य केलेले रोमानोव्ह घराणे आठवडाभरात कोसळले आणि त्याच्या रक्षणासाठी जवळजवळ कोणीच पुढे आले नाही, हे कसे घडले? महायुद्ध, भाकरीची टंचाई आणि कामगारवर्गाची संघटित शक्ती ही त्याची मुख्य कारणे आपणांस ठाऊक आहेत. आज मी त्याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहणार आहे. झारच्या गादीवर कोणी बसायचे हे कोण ठरवीत असे आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत कोणी मोजली? (पुढील तारखा जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे आहेत.)

पीटरचा हुकूम

पूर्वी रशियात वारसाहक्काचा लेखी कायदा नव्हता. बापानंतर थोरल्या मुलाने गादीवर बसावे, असा रिवाज होता. १५९८ साली रुरिक घराण्याची मॉस्कोतील राजशाखा खुंटली. तोतये, यादवी आणि परकीय आक्रमणे यांनी देश उद्ध्वस्त झाला. अखेर १६१३ साली देशसभेने सोळा वर्षांच्या मिखाईल रोमानोव्हची झार म्हणून निवड केली. म्हणजे ज्या घराण्याने पुढे आपली सत्ता ईश्वरदत्त असल्याचे सांगितले, त्याचा आरंभ निवडणुकीने झाला होता!

पहिल्या पीटरने जुना रिवाजही मोडला. त्याचा मुलगा अलेक्सेई बापाच्या धोरणांना प्रतिकूल होता. तो परदेशी पळाला, त्याला परत आणण्यात आले, त्याचा छळ झाला आणि १७१८ साली मृत्युदंडाचा निकाल लागल्यानंतर तो तुरुंगातच मरण पावला. ५ फेब्रुवारी १७२२ रोजी पीटरने हुकूम काढला की, राज्यकर्ता आपल्या मर्जीने कोणालाही वारस नेमू शकेल. बिशप फेओफान प्रोकोपोविच याने त्याच्या समर्थनार्थ शास्त्राधार पुरविले. आणि २८ जानेवारी १७२५ रोजी खुद्द पीटर वारसाचे नाव न सांगताच वारला.

जेथे एका माणसाची मर्जी हाच कायदा असतो, तेथे तो माणूस गेला की बंदूक हाच कायदा उरतो. त्या रात्री गार्ड पलटणी राजवाड्याभोवती जमल्या आणि पीटरची विधवा पहिली कॅथरिन सम्राज्ञी झाली. १७२५ ते १७६२ या ३७ वर्षांत सात जण गादीवर आले. त्यांपैकी सहावा इव्हान हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. २५ नोव्हेंबर १७४१ रोजी प्रेओब्राझेन्स्की पलटणीतील सुमारे तीनशे सैनिकांना घेऊन पीटरची कन्या एलिझाबेथ हिने सत्ता घेतली. त्या तान्ह्या सम्राटाचे उरलेले आयुष्य कैदेत गेले आणि १७६४ साली श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात पहारेकऱ्यांनी त्याला ठार केले.

बक्षिसी कोणाच्या घामातून?

या उलथापालथींना इतिहासकार ‘राजवाड्यातील क्रांत्या’ म्हणतात. हा शब्द अनुवादताना माझी लेखणी नेहमी अडखळते. त्यांत वर्ग बदलला नाही, जमिनीची मालकी बदलली नाही. बदलला तो केवळ गादीवरचा माणूस. परंतु त्या माणसाला गादीवर बसविणाऱ्यांना मोबदला द्यावा लागे, आणि तो भूदासांच्या रूपाने दिला जाई. एलिझाबेथला साथ देणाऱ्या सैनिकांना उमरावपद मिळाले, जमिनी मिळाल्या आणि जमिनीबरोबर शेतकरीही मिळाले. त्याच वेळी नव्या सम्राज्ञीशी निष्ठेची शपथ घेण्याच्या अधिकारातून भूदास वगळले गेले. राज्याच्या लेखी ते प्रजाजनही उरले नाहीत. ते मालकाची मालमत्ता झाले.

१८ फेब्रुवारी १७६२ रोजी तिसऱ्या पीटरने उमरावांना सक्तीच्या राजसेवेतून मुक्त केले. उमरावाने झारची सेवा करायची म्हणून शेतकऱ्याने उमरावाची वेठ करायची, हेच भूदासपद्धतीचे समर्थन होते. आता उमराव सुटला, शेतकरी मात्र बांधलेलाच राहिला. त्याच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला १९ फेब्रुवारी १८६१ रोजी, म्हणजे ९९ वर्षे आणि एक दिवसाने.

पुढे चारच महिन्यांनी, २८ जून १७६२ रोजी, तिसऱ्या पीटरला त्याच्या पत्नीनेच गार्ड पलटणींच्या बळावर पदच्युत केले. काही दिवसांत तो रोपशा येथे कैदेत मारला गेला. प्रजेला सांगण्यात आले की, तो पोटशुळाने गेला. वारसाहक्काचा लवलेश नसलेली जर्मन राजकन्या दुसरी कॅथरिन म्हणून गादीवर बसली. व्होल्तेरशी पत्रव्यवहार करणाऱ्या या सम्राज्ञीच्या राज्यात १७६७ साली हुकूम निघाला की, मालकाविरुद्ध तक्रार करणाऱ्या भूदासाला फटके आणि सक्तमजुरी व्हावी. तिने आपल्या कारकिर्दीत मर्जीतल्या लोकांना वाटलेल्या शेतकऱ्यांची संख्या स्त्रीपुरुष मिळून सुमारे आठ लाख असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

जनतेचा उमेदवार

मग या प्रश्नावर जनतेचे काहीच मत नव्हते काय? होते, परंतु ते व्यक्त करण्याचा एकच मार्ग तिला ठाऊक होता. १७७३ साली डॉन नदीकाठचा कोसॅक येमेल्यान पुगाचोव्ह याने आपणच तिसरा पीटर असल्याचे जाहीर केले. अशा माणसाला रशियन भाषेत ‘स्वतःच स्वतःला नाव देणारा’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे त्याला तोतया म्हणतात. त्याच दशकात कोकणात सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे बंड झाले आणि १७७६ साली त्याचा पुण्यात शेवट झाला, हे आपण जाणताच.

पुगाचोव्हला मात्र केवळ तोतया म्हणून सोडून देता येत नाही. ३१ जुलै १७७४ च्या जाहीरनाम्यात त्याने भूदासांना स्वातंत्र्य दिले. जमीन, जंगल व कुरणे त्यांची असल्याचे घोषित केले आणि सैन्यभरती व करांतून त्यांना मुक्त केले. कोसॅक, बश्किर, उरलमधील कारखान्यांचे बांधील कामगार आणि व्होल्गाकाठचे शेतकरी त्याच्यामागे उभे राहिले. १० जानेवारी १७७५ रोजी मॉस्कोत त्याचा शिरच्छेद झाला. त्याचे बळ मोठे होते, तशी त्याची मर्यादाही मोठी होती. शेतकऱ्यांना स्वातंत्र्य हवे होते, पण ते चांगल्या झारच्या हातूनच मिळेल असे त्यांना वाटत होते. हा भ्रम फिटायला आणखी सव्वाशे वर्षे लागली.

कायदा आला, प्रश्न सुटला नाही

५ एप्रिल १७९७ रोजी आपल्या राज्याभिषेकाच्या दिवशी पॉलने अखेर वारसाहक्काचा निश्चित कायदा जाहीर केला. गादी थोरल्या मुलाकडे जावी आणि राजकुलात पुरुष वारस असेतो स्त्रीला ती मिळू नये, असे ठरले. त्याच दिवशी भूदासाकडून रविवारी वेठ घेऊ नये आणि आठवड्यातून तीनच दिवस घ्यावी, अशी सूचना देणारा जाहीरनामा निघाला. आणि त्याच दिवशी ऐंशी हजारांहून अधिक शेतकरी बक्षीस म्हणून वाटले गेले! चार वर्षांनी, ११ मार्च १८०१ रोजी, पॉलला त्याच्याच अधिकाऱ्यांनी शयनगृहात ठार केले आणि गादी कायद्याप्रमाणे थोरल्या मुलाकडे, अलेक्झांडरकडे गेली.

अलेक्झांडर १८२५ साली निपुत्रिक वारला. धाकटा भाऊ कॉन्स्टंटिन याने हक्क सोडला होता, परंतु तो दस्तऐवज मोहोरबंद ठेवलेला होता. दोन आठवडे साम्राज्याला सम्राट कोण हेच कळेना. या संधीत १४ डिसेंबर रोजी सुमारे तीन हजार सैनिक सिनेट चौकात उभे राहिले. त्यांच्या अधिकाऱ्यांना संविधान आणि भूदासांची मुक्ती हवी होती. साध्या सैनिकांना मात्र सांगितले गेले की, खऱ्या वारसावर अन्याय होत आहे. निकोलसने तोफा डागल्या. पाच जण फाशी गेले, शंभरावर सैबेरियात गेले. हे उमराव क्रांतिकारक जनतेपासून फार दूर होते, असे लेनिनने १९१२ साली हर्झेनवरील लेखात दाखवून दिले. वारसाच्या नावाने सैनिक गोळा करावे लागले, यातच ते अंतर दिसते.

२ मार्च १९१७

आता त्या तरुण कॉम्रेडच्या प्रश्नाकडे वळू. २ मार्च १९१७ रोजी प्स्कोव्ह येथे दुसऱ्या निकोलसने स्वतःसाठी आणि आजारी मुलासाठीही राज्यत्याग केला व भाऊ मिखाईलला गादी दिली. मुलाचा हक्क सोडण्याचा अधिकार पॉलच्या कायद्याने बापाला दिलेला नव्हता. त्याच दिवशी पेट्रोग्राडमध्ये मिल्युकोव्हने मिखाईल राजप्रतिनिधी होणार असल्याचे सांगताच जमावाने विरोधाचा गजर केला. दुसऱ्या दिवशी संविधान सभेने निर्णय द्यावा असे म्हणून मिखाईलनेही गादी नाकारली.

आणि गार्ड पलटणी? २७ फेब्रुवारीला पहिले बंड केले ते व्होलिन्स्की गार्ड पलटणीच्या राखीव सैनिकांनी. त्यांना येऊन मिळाले प्रेओब्राझेन्स्कीचे सैनिक. नाव तेच, परंतु आत होते गणवेशातले शेतकरी आणि कामगार. त्यांनी नवा वारस शोधला नाही. ते सोविएतकडे गेले. झार बनविणाऱ्या बंदुका यावेळी ज्यांच्या हाती होत्या, त्यांना कोणताच झार नको होता.

आपल्यासाठी बोध

१९९१ साली सोविएत संघ विसर्जित झाला. १९९८ साली शेवटच्या झारचे अवशेष सेंट पीटर्सबर्गमध्ये राजसन्मानाने पुरले गेले आणि २००० साली रशियन चर्चने त्याला संतपद दिले. १९१८ साली येकातेरिनबुर्गमध्ये त्याच्याबरोबर मारल्या गेलेल्या मुलांचा काहीही अपराध नव्हता, हे म्हणण्यास आपण कचरू नये. परंतु त्या करुणेच्या पडद्याआड बक्षीस म्हणून वाटले गेलेले लाखो शेतकरी झाकले जाणार असतील, तर ते आपणच पुढे आणले पाहिजेत.

आणि एक अवघड गोष्ट. एकतंत्री सत्ता आणि श्रमिकांचे राज्य यांची बरोबरी मी करीत नाही. तरीही १९२४, १९५३ आणि १९६४ ही साले आठवा. नेतृत्व बदलले, पण ते ठरले मूठभरांच्या खोलीत. कारखान्यातल्या सभासदाला ते वर्तमानपत्रातून कळले. ‘यांच्यानंतर कोण?’ हा प्रश्न जेथे उघडपणे विचारता येत नाही, तेथे जनता हळूहळू प्रेक्षक बनते, आणि प्रेक्षक शेवटी कोणाच्याही रक्षणासाठी उठत नाहीत. १९१७ साली हे झारने अनुभवले आणि १९९१ साली आपण.

म्हणून शाखेची निवडणूक, अहवालावरील चर्चा आणि समितीला विचारलेला जाब यांना कोरडे उपचार समजू नका. गादी नाहीशी करणे हे १९१७ चे काम होते. ती पुन्हा उभी राहू न देणे हे रोजचे काम आहे आणि ते आपले आहे.