फवारणीचे विष आणि मजुराचा जीव
(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा गोषवारा)



२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी पुरुषभर वाढली होती. बीटी वाणाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी पसरली, तशा फवारण्या वाढल्या आणि निरनिराळी औषधे एकत्र कालवली जाऊ लागली. डोक्याच्या उंचीवर मारलेले विष वाऱ्याबरोबर फवारणाऱ्याच्याच अंगावर आले. हेच विष मित्रकीटकांनाही मारते. मग कीड पुन्हा उसळते आणि फवारणीही वाढते.

मजुरांनी हातमोजे व मुखपट्टी वापरली नाही, असा दोष तेव्हा देण्यात आला. रोजंदारीवर पंप पाठीला लावणाऱ्याने ही साधने आणावीत कोठून? १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम यांत संरक्षक कपडे, प्रशिक्षण आणि विषावरील उतारा यांची तरतूद आहे. ती कागदावर राहिली. विष मात्र खेडोपाडीच्या दुकानांत पोचले. मोनोक्रोटोफॉससारख्या जहाल औषधावर केंद्र सरकारने बंदी घातली ती २०२३ मध्ये! विक्रीचा नफा कंपन्यांनी घ्यावा आणि जिवाची जोखीम मजुराने, ही व्यवस्था आपल्याला मान्य नाही.

म्हणून हंगामापूर्वी प्रत्येक शाखेने गावोगाव चौकशी करावी. संरक्षक साधने कंपन्यांच्या खर्चाने मिळालीच पाहिजेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅट्रोपिनचा साठा असलाच पाहिजे, अशी मागणी ग्रामसभेत मांडून तिचा ठराव करून घ्यावा.