मावशीला ‘नापास’ करण्याआधी

(नव्या संशोधक-कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात मेहरूण, जळगाव येथे केलेले भाषण, थोडे संपादित करून.)



तुमच्यातल्या बऱ्याच जणींचे शिक्षण नुकतेच संपले आहे. काहीजणी पीएच.डी.च्या तयारीत आहेत, काहीजणी एखाद्या प्रकल्पात घरोघर जाऊन फॉर्म भरतात. ज्याला लोक ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतात, त्या डिमेन्शियावर काम करायचे तुम्ही ठरवले आहे. मला विषय दिला आहे तुमच्या प्रशिक्षणाचा. मी एका प्रश्नपत्रिकेपासून सुरुवात करते.

१९७५ साली अमेरिकेत फोल्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी बनवली. ती आज जगभर वापरतात. एकूण गुण ३०. २४ पेक्षा कमी पडले की शंका घ्यायची, असा सर्वसाधारण रिवाज. यात शंभरातून सात-सात वजा करायला ५ गुण, वाचायला १, एक वाक्य लिहायला १, आकृती काढायला १. आता हिशेब करा. शाळेची पायरी न चढलेल्या, पण आठवण शाबूत असलेल्या एखाद्या मावशीचे हे ८ गुण गेले, तर बाकी सगळे बरोबर सांगूनही ती २२ वर थांबते. बहिणाबाई चौधरी आपल्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, गाणी मात्र मनात रचलेली. हा कागद त्यांच्यापुढे ठेवला असता तर काय झाले असते, याचा विचार त्यांच्या नावाच्या विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मुलींनी तरी करायला हवा.

यावर उपाय झालेला आहे. हरयाणात बल्लभगढच्या खेड्यांमध्ये काम करताना मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच चाचणी हिंदीत नव्याने बांधली. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वाचायला सांगण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा, मी करते तसे करा’ म्हणत डोळे मिटून दाखवायचे. लिहायला सांगण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला लावायचे. बाईच्या आयुष्यातून प्रश्न काढला, एवढेच. पण त्यासाठी आधी तिच्या ओसरीवर बसावे लागते.

इथे ते काम अजून पुष्कळ बाकी आहे. मेहरूणात एका गल्लीत लेवा बोली, दुसरीत अहिराणी, पलीकडे उर्दू. पुण्याच्या मराठीत छापलेला प्रश्न मावशीला कळला नाही तर ती गप्प बसते, आणि आपण फॉर्मवर ‘उत्तर आले नाही’ लिहितो. तारीख विचारली की गडबडेल, तिथी मात्र बरोबर सांगेल. हे कुठे नोंदवायचे, ते तुमच्या मार्गदर्शकांना विचारा. त्यांनी ‘रकाना नाही’ म्हटले तर रकाना मागा.

आता सुनेकडे येते. मावशीची आठवण पूर्वीपेक्षा किती घसरली, हे घरातल्या माणसाला विचारावे लागते. उत्तर देणारी बहुधा सून किंवा लेक. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली मांडलेल्या अभ्यासात दिसले, की ही लक्षणे लोकांना ओळखीची होती, पण त्यांचे खापर मुलांच्या दुर्लक्षावर, माया आटण्यावर फोडले जात होते. म्हणजे तुम्ही वही उघडून ‘यांना कधीपासून असे होते?’ म्हणालात, की सुनेला ऐकू येते, ‘तू यांचे काय केलेस?’ नवरा शेजारी उभा असेल तर ती सगळे ठीक आहे म्हणेल. तिला वेगळे भेटा. रात्री किती वेळा उठावे लागते, कामावर जाणे कधी सुटले, हेही विचारा. तिचे हे श्रम कुणाच्या हिशेबात नाहीत. आपल्या अभ्यासात तरी यावेत.

आणि ती शेवटी विचारते, ‘ताई, मग आता मी काय करू?’ याचे उत्तर नसताना प्रश्न विचारायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यातच अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक कार्यकर्ते सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा घरी जात, समजावत, ऐकून घेत. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. त्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

कारण आपल्याकडे मुलीला दोन दिवस फॉर्म शिकवतात आणि सोडून देतात. दिवसाला चार घरे, प्रत्येक घरात रडणारे कुणीतरी. संध्याकाळी विचारतात, ‘फॉर्म किती झाले?’ आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाने तुमच्याबरोबर बसायलाच हवे, फॉर्म तपासायला नव्हे, तुम्ही काय पाहिले ते ऐकायला. प्रवासभाडे वेळेवर मिळावे. निबंध छापून येताना, ज्यांनी प्रश्न बोलीत आणले त्यांची नावे लेखकांत असावीत, आभारात नव्हे. हे मागताना लाजू नका.

२०२३ मध्ये देशव्यापी ‘लासी’ पाहणीला जोडलेल्या अभ्यासाचे आकडे आले: साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. ज्यांच्याकडे तुम्ही जाणार आहात, त्या याच.

जेवणानंतर दोघी-दोघींनी बसायचे आहे. एकीने मावशी व्हायचे, घरच्या बोलीतच बोलायचे. दुसरीने कागद बाजूला ठेवून दहा प्रश्न विचारायचे. जिथे मावशी अडेल तिथे खूण करा. चार वाजता आपण त्या खुणा एकत्र बघू.