सारस किती लांब उभा आहे?

चित्राची गोष्ट रेडिओवर सांगायची म्हणजे जेवणाचं ताट शब्दांनी वाढण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो. कारण गेल्या काही वर्षांत मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न आजच्या विषयाचाच आहे. अर्जुनी मोरगावचा एखादा विद्यार्थी असो, गोंदियाच्या राइस मिलचे मालक असोत की नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक असोत, प्रश्न एकच. "सर, कॅमेरा घेतला. आता जंगलासाठी लेन्स कोणती घेऊ? कितीची घेऊ?"

यातला 'कितीची' हा शब्द रुपयांसाठीही असतो आणि मिलिमीटरसाठीही. मी उलट विचारतो, "तुमचा पक्षी किती लांब उभा आहे?" बहुतेकांना वाटतं, मास्तर टाळताहेत. पण हा प्रश्न मला एका शेतकऱ्याने शिकवला, आणि त्याची फी मी जरा महागात भरली.

२०११ चा पावसाळा. रोवणी आटोपली होती. गोंदियापासून थोड्या अंतरावर एका धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीने घरटं केल्याचं कळलं. श्रोत्यांपैकी ज्यांनी सारस पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जगातल्या उडणाऱ्या पक्ष्यांमधला हा सर्वांत उंच. माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहील असा. राखाडी अंग, लाल डोकं-मान, आणि जोडीदाराबरोबर एकसुरात दिलेली ती तुतारीसारखी हाक. महाराष्ट्रात तो उरला आहे तो जवळपास फक्त आपल्या गोंदिया जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यात. बाघ नदी ओलांडली की पलीकडे बालाघाट जिल्ह्यात त्याचे भाऊबंद. आपल्याकडची त्यांची संख्या अलीकडच्या गणनांत पन्नाशीच्या आतच राहिली आहे. २०२१ साली तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला या पक्ष्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

अशा पक्ष्याचं घरटं, आणि माझ्या हातात ७०-३०० ची नवी लेन्स! रस्त्यावरून पाहिलं तर घरटं दीडशे मीटरवर. चित्रात पक्षी म्हणजे राखाडी ठिपका. मी धुऱ्यावरून चालू लागलो. शंभर मीटर झाले, ऐंशी झाले, तरी समाधान होईना. चाळीस मीटरवर पोचलो तेव्हा बसलेली मादी उठली. नराने पंख पसरले. मी आनंदाने बटण दाबत सुटलो. मागून आवाज आला, "भाऊ, तिकडं नोको जा. अंडे आहेत तिचे." बांधीचे मालक होते. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आमी निंदायले जातो तवा ते उठत नाही. तुमाले पाहून उठली." मी मागे फिरलो. रस्त्यावरून दुर्बिणीने पाहत राहिलो. मादी परत बसायला अर्धा तास लागला, आणि तेवढ्या वेळात दोन डोमकावळे शेजारच्या झाडावर येऊन बसले होते.

त्या घरट्यातून पुढे एकच पिल्लू निघालं. सारस बहुधा दोन अंडी घालतो. दुसऱ्या अंड्याचं काय झालं ते कोणी पाहिलं नाही. कदाचित ते पहिल्यापासूनच पोचट असेल. पण मी स्वतःला निर्दोष समजत नाही. माझे पाय जिथे थांबायला हवे होते तिथे माझ्या लेन्सने थांबायला हवं होतं.

तर आता मिलिमीटर. साध्या फिल्मच्या आकाराच्या, म्हणजे ज्याला फुल फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स साधारण आपल्या नजरेसारखं दृश्य दाखवते. ४०० ची लेन्स त्याच्या आठपट जवळ आणते, म्हणजे आठपटीची दुर्बीण समजा. आपल्यापैकी बहुतेकांकडे असतो तो लहान सेन्सरचा, क्रॉप कॅमेरा. त्यात चित्राचा मधला भागच टिपला जातो, म्हणून ४०० ची लेन्स ६०० सारखी वाटते. लेन्स बदलत नाही हं, कडा कापल्या जातात. पक्षीवाल्यांना ते चालतं, कारण कडेला नाहीतरी आभाळच असतं.

आता थोडं गणित, कागद-पेन्सिल नको. सारसाची उंची एक मीटर साठ सेंटिमीटर धरा. तो शंभर मीटरवर असेल तर ४०० च्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास पडते. फुल फ्रेमची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे पक्षी चित्राचा पाव भाग व्यापतो. ६०० लावली तर चाळीस टक्के. क्रॉप कॅमेऱ्यावर ६०० लावली तर साठ टक्के, म्हणजे भिंतीवर लावण्याजोगं चित्र, आणि तेही शंभर मीटरवरून, रस्त्यावर उभं राहून! आता गंमत पाहा. छोटा खंड्या हा पक्षी सतरा सेंटिमीटरचा. त्याची एवढीच प्रतिमा हवी असेल तर तो दहा मीटरवर यावा लागतो. सारसाचं छायाचित्र सोपं आणि खंड्याचं अवघड, ते यासाठी.

नवेगावबांधच्या तलावावर हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरतात तेव्हा हौशी मंडळी लांबच लांब नळकांडी घेऊन काठावर उभी राहतात. दोनशे मीटरवरचं अर्ध्या मीटरचं बदक ६०० च्या लेन्सनेही सेन्सरवर दीड मिलिमीटरच पडतं. शिवाय ऊन वर आलं की पाण्यावरची हवा लहरू लागते. ती लहर कोणत्याही किमतीच्या काचेतून जात नाही. दुकानदाराकडे तक्रार घेऊन जाऊ नका, सूर्य उगवायच्या वेळी या. मारुती चितमपल्ली या तलावाच्या काठी राहिले आणि त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिलं. ही पुस्तकं वाचताना जाणवतं, की ही माणसं आधी बसून राहत होती. लेन्स घेण्याआधी एक बरी ८ × ४२ ची दुर्बीण घ्या, असं मी म्हणतो तेव्हा पोरं हिरमुसतात, पण मी म्हणत राहतो.

नागझिऱ्याचा हिशेब मात्र उलटा. १९७० मध्ये अभयारण्य झालेलं हे जंगल २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात आहे. इथे आपण जिप्सीत बसलेले, रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी आणि बांबू. वाघ दिसला तर पुष्कळदा अगदी जवळ दिसतो. दहा मीटरवर वाघ आडवा उभा राहिला आणि तुमच्या क्रॉप कॅमेऱ्यावर १५०-६०० ची लेन्स असली, तर ती पूर्ण मागे घेऊनही चौकटीत जेमतेम एक मीटर साठ सेंटिमीटरच मावतं. वाघाचं डोकं आणि धडच पावणेदोन-दोन मीटरचं, शेपूट वेगळी! मग माणसं घरी येऊन वाघाच्या कानाचे फोटो दाखवतात. तिथे १००-४०० ही कामाची. आणि हेच झूम लेन्सचं खरं कारण. एकाच लांबीची, न बदलणारी लेन्स नेहमी अधिक सुबक चित्र देते असं जुने लोक सांगतात, ते पूर्वी बरंचसं खरं होतं. पण जिप्सीतून उतरून पुढे-मागे होता येत नाही. आपल्याऐवजी काचेनेच पुढे-मागे व्हायचं.

२०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली, पुढच्या वर्षी सिग्माने आपल्या दोन आणल्या, २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० आली. त्याआधी ६०० मिलिमीटर म्हणजे श्रीमंतांचा प्रांत होता. आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा जमाना आहे. सोनीची २००-६००, कॅननची १००-५००, निकॉनची १८०-६०० यांतली कोणतीही घेतली तरी चुकलात असं होणार नाही. ज्या कंपनीचा कॅमेरा आहे तिचीच किंवा तिला जुळणारी घ्या, यावर रात्री जागवू नका.

जागवायच्या असतील तर उजेडावर जागवा. लेन्सवर एफ ६.३, एफ ४ असे आकडे असतात. लांबीला या आकड्याने भागलं की लेन्सचं तोंड किती मोठं ते कळतं. ६०० ला ६.३ ने भागा, ९५ मिलिमीटर येतात. ४ ने भागा, १५० येतात, म्हणजे नाश्त्याच्या बशीएवढी काच. ती बशी दहा लाखांच्या पुढे जाते. आपली ९५ वाली लाखाच्या आसपास. फरक एवढाच की तिच्यात उजेड निम्म्याहून कमी शिरतो. नागझिऱ्यात सकाळी सहाला, किंवा आषाढातल्या ढगाळ दुपारी बांधीवर, हा फरक जाणवतो. फिल्मच्या काळात तो जीवघेणा होता. आजचे सेन्सर ३२०० किंवा ६४०० आयएसओवरही बरं काम करतात, म्हणून मी म्हणतो, बशीचा हव्यास सोडा.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. सारसाच्या त्या प्रकरणानंतर लांबी वाढवायची म्हणून मी ३०० च्या लेन्समागे दुप्पट करणारा कन्व्हर्टर बसवला. हिशेबाने ६०० झाले. पण कन्व्हर्टर दोन पायऱ्या उजेड खातो. ५.६ चे ११ झाले, कॅमेऱ्याला फोकस सापडेना, नुसता घुर्र घुर्र आवाज करत तो पुढे-मागे जात राहिला. तो कन्व्हर्टर अजून कपाटात आहे.

वजन दुकानात कळत नाही. हलकी म्हणवली जाणारी १५०-६०० ही सुद्धा जवळपास दोन किलोची, तिची मजबूत बहीण पावणेतीनच्या पुढे. तीन तासांच्या सफारीत मनगट बोलू लागतं. तिपाई जिप्सीत मांडता येत नाही. सोपा उपाय म्हणजे कापडी पिशवी. तिच्यात तांदूळ भरायचे, जिप्सीच्या गजावर टाकायची, वर लेन्स ठेवायची. बाहेरगावच्या मित्रांना मी सांगतो, पिशवी रिकामीच आणा, गोंदियात तांदळाला तोटा नाही. हातात धरून काढायचं असेल तर लांबी जितकी तितकाच वेग, ६०० ला सेकंदाचा सहाशेवा भाग, हा जुना नियम लक्षात ठेवा. लेन्समधली थरथर रोखणारी सोय तुमचा हात सांभाळते, उडणाऱ्या सारसाचे पंख नाही. त्याला हजारावा भाग किंवा त्याहून जास्त वेग लागतो.

जुनी लेन्स घेण्यात कमीपणा नाही. फक्त तिच्या एका टोकाने टॉर्च मारून दुसऱ्या टोकातून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा मोडा. आपल्याकडचा पावसाळा लेन्सला मानवत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. कोणीतरी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगेल. तांदूळ पिशवीत ठीक, लेन्सच्या शेजारी नको. त्याची भुकटी झूमच्या सांध्यात शिरते.

माझ्याकडे सध्या १५०-६०० आहे, लहान सेन्सरचा कॅमेरा आहे, आणि गळ्यात जुनी दुर्बीण. नवख्याला मी सांगतो, सारस आणि तलावच करायचे असतील तर ६०० पर्यंत जाणारी घ्या. जंगल जास्त असेल तर १०० पासून सुरू होणारी. ठरत नसेल तर मोठ्या शहरांत लेन्स भाड्याने मिळतात, दोन दिवस आणून पाहा. गेटवर मोठ्या लेन्सचं वेगळं शुल्क आहे का तेही आधी विचारून घ्या.

त्या बांधीच्या मालकांकडे मी अजून जातो. मागच्या पावसाळ्यात रस्त्यावरून, अंदाजे दीडशे मीटरवरून, जोडीचे फोटो काढले. ते शेजारी उभे होते. पडद्यावर त्यांना सहाशेने काढलेला दाखवला, पक्ष्याच्या डोळ्यातला केशरी रंग दिसत होता. ते हो म्हणाले. मग दीडशेने काढलेला दाखवला. त्यात दोन सारस अंगठ्याच्या नखाएवढे, भोवती पसरलेलं हिरवं धान, धुऱ्यावरचं मोहाचं झाड आणि वरून गेलेल्या विजेच्या तारा. तो त्यांनी हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "याची कॉपी देजा," म्हणाले. "आणि या तारा दिसतात ना, हे वीजवाल्यायले दाखवा. मागं एक पाखरू यालेच लागून मेलं."

दोन प्रती काढल्या. एक त्यांच्या घरात आहे, दुसरी अर्जासोबत जोडली.