बिघडलेल्या संगणकाची कैफियत
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो "संगणकाची दुरुस्ती". दुरुस्ती शिकवावयाची म्हणजे हाती स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा लागेल, आणि तो काही माझा प्रांत नव्हे. पण दुरुस्तीच्या अगोदरची एक पायरी आहे. ती कोणत्याही घरच्या बाईला येण्याजोगी आहे, आणि पुष्कळदा पैसा व मनस्ताप जातो तो ही पायरी गाळल्यामुळेच. यंत्राला काय होत आहे ते यंत्राकडूनच लिहून घ्यावयाचे आणि तो कागद मदत करणाराच्या हाती द्यावयाचा, एवढीच ती पायरी. संगणकाच्या भाषेत याला डायग्नोस्टिक रिपोर्ट म्हणतात. मी आपली कैफियत म्हणते.

आपण मदत मागतो ती कशी? मुलाला पुण्याला नाहीतर अमेरिकेला फोन लावतो आणि म्हणतो, "अरे, तो सारखा बंद पडतोय." तो विचारतो, "पडद्यावर काय लिहून आलं होतं?" आपण म्हणतो, "इंग्रजीत काहीतरी होतं, मी ओके करून टाकलं." आता त्या बिचाऱ्याने काय करावे? तो अंदाज बांधतो, आपण तो अंदाज दुकानदाराला सांगतो, आणि दुकानदार त्या अंदाजावर बिल करतो.

वस्तुतः संगणक स्वतःची रोजनिशी स्वतःच लिहीत असतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून ही सोय आहे, आणि आज तुमच्या-माझ्या घरी असलेल्या विंडोजमध्येही ती चालूच आहे. रोजनिशीचा रिवाज तर त्याहूनही जुना. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचा प्रचंड गणकयंत्राचा सांगाडा होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी त्याच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला. पण त्याआधी लिहिले काय, तर दुपारचे पावणेचार, रिले क्रमांक ७०, पॅनेल एफ. ग्रेस हॉपर ही थोर गणिती बाई तेव्हा त्या यंत्रावर काम करीत असे, आणि ही गोष्ट जगभर पसरली ती तिच्याच तोंडून. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. लोक त्या पतंगाचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते ते वेळ आणि रिलेचा क्रमांक लिहिणाराचे.

आता आपल्याच गल्लीतली हकीकत सांगते. नाव घेत नाही. त्या येथेच बसल्या आहेत आणि आधीच लाजल्या आहेत. त्या पोळीभाजीचे डबे देतात. गिऱ्हाइकांचा हिशेब, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाचे पैसे थकले, सारे त्यांच्या लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप काम करता करता एकदम काळा पडू लागला. दुकानात नेला, तर सांगण्यात आले की मदरबोर्ड गेला, बारा-तेरा हजार पडतील. त्यापेक्षा नवाच घ्या. पैसे भरण्यापूर्वी दोन रिपोर्ट काढून भाच्याला पाठवावे असे ठरले.

पहिला रिपोर्ट रिलायेबिलिटी हिस्टरीचा. स्टार्टमध्ये "रिलायेबिलिटी" हा शब्द इंग्रजीत टाईप केला की "व्ह्यू रिलायेबिलिटी हिस्टरी" असे वर येते. ते उघडल्यावर दिवसांचा तक्ता दिसतो आणि वर एक रेघ, जी १ ते १० या गुणांत खालीवर होते. ज्या दिवशी काही बिघडले त्या दिवशी तांबडी फुली. त्या फुलीवर टिचकी मारली की खाली तपशील येतो. त्यांच्या तक्त्यात पंधरा दिवसांत नऊ फुल्या होत्या आणि बहुतेक सर्वांखाली एकच वाक्य: विंडोज नीट बंद केली गेली नाही. म्हणजे कोणताही प्रोग्राम कोसळला नव्हता. वीजच तुटत होती.

दुसरा रिपोर्ट बॅटरीचा. स्टार्टमध्ये "सीएमडी" ही तीन अक्षरे लिहून काळी खिडकी उघडावयाची, आणि तीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि तिला लागून "बॅटरीरिपोर्ट" हा शब्द इंग्रजीत, मधे जागा न सोडता. एंटर दाबले की फाइल कोठे ठेवली तेही त्याच खिडकीत लिहून येते. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. त्यात दोन आकडे शेजारी पहावयाचे: बॅटरी नवी असताना किती वीज धरी, आणि आता पूर्ण भरल्यावर किती धरते. यांचा पहिला आकडा ४१,००० मिलिवॉट-तास होता आणि दुसरा १२,३००. रुपयातले जेमतेम पाच आणे! खाली गेल्या काही दिवसांची टिपणी असते. तिच्यावरून दिसले की लॅपटॉप काळा पडला तो दर वेळी चार्जर काढलेला असतानाच. भाच्याने फोनवर हे दोन कागद वाचले आणि म्हणाला, "मावशी, आधी बॅटरी बदला." मदरबोर्डच्या चौथ्या हिश्शात काम झाले. दुकानदार लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याच्यापुढेही "बंद पडतो" एवढेच शब्द होते.

आणखी दोन रिपोर्ट नुसते ओळखून ठेवा. विंडोजची खूण असलेली कळ आणि आर ही कळ एकदम दाबली की एक लहान चौकट येते. तीत एम-एस-आय-एन-एफ-ओ ही अक्षरे आणि त्यांना जोडून ३ व २ हे आकडे लिहिले की यंत्राची सारी जंत्री उघडते: विंडोज कितवी, मेमरी किती, कोणते भाग आत आहेत. फाइल मेनूतून एक्स्पोर्ट केले की साधी मजकुराची फाइल मिळते. विंडोज कितवी ही पहिलीच ओळ महत्त्वाची, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि मदत करणारा प्रथम तेच विचारील. चित्र किंवा आवाज यांची तक्रार असेल, म्हणजे ऑनलाइन भजनवर्गात आपला आवाजच कोणाला जात नाही अशी, तर त्याच चौकटीत डी-एक्स-डी-आय-ए-जी लिहा आणि "सेव्ह ऑल इन्फर्मेशन" हे बटण दाबा. मॅकवाल्यांसाठी सिस्टिम इन्फर्मेशन नावाचा भाग आहे, त्यातूनही फाइल जतन करता येते.

रिपोर्टाबरोबर स्वतःच्या शब्दांत चार ओळी मात्र हव्यातच. काय करीत होता, काय व्हावयास हवे होते, काय झाले, कधीपासून होते, आणि त्याच सुमारास नवे काय घातले: प्रिंटर, अपडेट, नातवाचा खेळ. निदान लिहू नका. "व्हायरस शिरला" हे निदान झाले, "दर पाच मिनिटांनी जाहिरात उघडते" ही हकीकत झाली. पडद्यावर सूचना आली की ओके करण्यापूर्वी मोबाइलने तिचा फोटो काढा. निळा पडदा आला तर खाली स्टॉप कोड असतो, तो फोटोत यावा.

आता सावधगिरीचे सांगते. कैफियतीत घरच्या गोष्टीही असतात. त्या जंत्रीत संगणकाचे नाव, तुमचे वापरण्याचे नाव, नेटवर्कचे पत्ते हे सारे येते. भाच्याला पाठविताना हरकत नाही. पण अनोळखी लोकांच्या समूहात टाकण्यापूर्वी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून आपले नाव शोधा आणि त्या जागी फुल्या घाला. बाकीच्या ओळींना हात लावू नका. आपल्याला निरुपयोगी वाटणारी ओळच कधी कधी कामाची असते.

आणि एक प्रकार तर याच रोजनिशीचा उपयोग करून चालतो. फोन येतो, "मी कंपनीतून बोलतो, तुमच्या संगणकात विषाणू आहे." मग तो इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही उघडावयास सांगतो. तीत तांबड्या-पिवळ्या खुणांची रांग दिसते आणि आपल्या पोटात गोळा येतो. भगिनींनो, धडधाकट संगणकाच्या नोंदवहीतही अशा खुणा शेकड्यांनी असतात. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तेथे नोंद होते. हा मनुष्य त्या खुणा दाखवून घाबरवतो, मग संगणक दुरून चालविण्याचे सॉफ्टवेअर घालावयास लावतो, आणि मग बँक. आपण होऊन असा फोन आम्ही करीत नाही आणि आमच्या सूचनांत फोन नंबर नसतो, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगून ठेवले आहे. फरक एवढाच लक्षात ठेवा की रिपोर्ट देणे म्हणजे कागद दाखविणे, आणि संगणक दुरून चालवू देणे म्हणजे कपाटाची किल्ली देणे. कागद मागणारा मनुष्य घाई करीत नाही. कोणी फसलेच, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, जितके लवकर तितके पैसे अडविता येण्याचा संभव अधिक.

मंडळाच्या कचेरीतल्या संगणकाची जंत्री आणि बॅटरीचा रिपोर्ट मी छापून हिशेबाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवला आहे. चांगला चालत असतानाचा असा एक कागद प्रत्येकीने घरी ठेवावा, म्हणजे बिघडल्यावर ताडून पहाता येते. पुढच्या शनिवारी भजन आटोपल्यावर मी येथेच थांबणार आहे. ज्यांना आपापल्या यंत्राचा रिपोर्ट काढावयाचा आहे त्यांनी लॅपटॉप आणावा, आणि चार्जर विसरू नये.