शाळेसाठी निधी : मार्ग कोणता निवडावा?



पंचकल्याणक महोत्सवात सवाल सुरू झाले की तासाभरात जी रक्कम उभी राहते, ती पाठशाळेसाठी वर्षभर दारोदार फिरूनही जमत नाही. यावरून समाजाला शिक्षणाची आस्था नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गरज एका प्रकारची आणि निधी उभारण्याचा मार्ग दुसऱ्याच प्रकारचा, हे खरे दुखणे आहे.

सवालाची रक्कम ज्या धर्मकार्यासाठी बोलली जाते, त्याच कार्यासाठी ती वापरावी लागते. शिवाय उत्साहात बोललेला आकडा आणि प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम यांत किती अंतर राहते, हे खजिनदारांनाच ठाऊक! इमारत एकदाच बांधावयाची असते. तिच्यासाठी मोठा दाता शोधावा, भिंतीवर त्याच्या नावाची फरशी बसवावी. शिक्षकांचे वेतन आणि मुलांचे जेवण मात्र दर महिन्याला, दर दिवसाला उभे राहते.

हे मर्म ज्यांनी ओळखले ते कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातील कुंभोजचे. विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पुढे ओगले आणि किर्लोस्कर यांच्या मालाचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले. गिऱ्हाइकाच्या हातात काय आहे हे पाहूनच मागणे करावे, ही विक्रेत्याची दृष्टी त्यांना तेथे लाभली असावी. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या पोटाची चिंता उभी राहिली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. त्या त्यागापुढे मस्तक नमते. परंतु दागिने एकदाच विकता येतात.

मुष्टिफंडाचे तसे नव्हते. घरोघरच्या गृहिणीने रोज एक मूठ धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढावयाचे, एवढीच मागणी. रोख पैसा खेड्यातील स्त्रीच्या हाती क्वचितच असे. धान्याची मूठ मात्र तिच्या अधिकारातली होती. मुलांना रोज धान्यच हवे होते आणि धान्यच मिळत होते. मंडप नाही, वाजंत्री नाही, खर्च वजा जाता काय उरले हा प्रश्नच नाही. आणि ज्या घरातून रोज मूठ निघते, त्या घराला वसतिगृह परके वाटत नाही. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंडही अशाच थेंबाथेंबाने साठला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला.

आजच्या शाळेला मूठभर जोंधळे नकोत. पण दरमहा ठरावीक लहान रक्कम देणारी दोनशे कुटुंबे मिळाली, तर शिक्षकांच्या वेतनाचा भरवसा होतो. ती मिळविण्यासाठी दोनशे उंबरे चढावे लागतात. हे कंटाळवाणे काम आहे, म्हणूनच बहुतेक मंडळे एखादा नाट्यप्रयोग वा वाद्यवृंद ठरवून मोकळी होतात. सभागृहाचे भाडे, कलावंतांचे मानधन, ध्वनिक्षेपक, अल्पोपाहार वजा करून शाळेच्या पदरी काय पडले, तेवढाच आकडा पाहावा. स्नेहसंमेलन म्हणून असा कार्यक्रम अवश्य करावा, निधी म्हणून करण्यापूर्वी हिशेब मांडावा.

सोडतीची तिकिटे खपविण्याची सूचना अधूनमधून पुढे येते. सप्तव्यसनांत द्यूताची गणना करणाऱ्या समाजाने त्याच मार्गाने ज्ञानदानाची रक्कम जमवावी, हे न शोभणारे आहे. स्मरणिकेच्या जाहिराती त्यामानाने निर्दोष. मात्र त्या पन्नास वर्षांतून एकदा मागितल्या तर व्यापारी आनंदाने देतो, दरवर्षी मागितल्या तर दुकानातून मागच्या दाराने निघून जातो!

एक व्यावहारिक बाब. गुप्तदानाची परंपरा थोर आहे. परंतु शिक्षणसंस्थेला मिळालेल्या निनावी देणग्यांवर, ठरावीक मर्यादेपलीकडे, २००६ सालच्या तरतुदीपासून प्राप्तिकर लागू झाला आहे. तसेच २०१७ पासून दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर दात्याला करसवलत मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फतच घ्यावी. दात्याची इच्छा नसेल तर नाव फलकावर लिहू नये. संस्थेच्या वहीत मात्र त्याचे नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक नोंदवून पावती त्याच दिवशी द्यावी.