मुंबई-पुण्यातील ज्यू समाजाची सेवाकार्ये

कोकणात तेल गाळणारे आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा धार्मिक विश्रांतीदिन, पाळून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ ठरलेले मराठीभाषक बेने इस्राएल ज्यू अठराव्या शतकात मुंबईत स्थिरावले आणि १७९६ मध्ये त्यांनी सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधले. स्वतःची शाळा उभी राहण्यास मात्र १८७५ साल उजाडावे लागले. हाईम सॅम्युअल केहिमकर व त्यांच्या बंधूंनी काढलेली ती शाळा, जी पुढे माझगावात सर एली कदूरी यांच्या नावाने चालू राहिली, ही या समाजाची सर्वांत मोलाची सेवा मानावी लागेल, कारण इस्राएलकडील स्थलांतराने ज्यू विद्यार्थी विरळ झाल्यावरही तिने इतर धर्मीयांच्या मुलांना आपलेसे केले. वृद्ध व गरजू ज्यूंच्या मदतीचा भार मुंबईत अमेरिकेतील ‘जॉइंट’ या साहाय्यसंस्थेनेही उचलला आहे. बगदादहून आलेल्या ज्यूंपैकी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये पुण्यात रुग्णालय सुरू झाले. तळेगाव दाभाड्याहून लोकलने पुणे स्थानकावर उतरणाऱ्या रुग्णाला ते जवळच सापडते आणि तेथे कोणत्याही जातिधर्माच्या माणसावर उपचार होतात.