दोन जुन्या होड्या



नदीला उतार नसला म्हणजे वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीने पैलतीर गाठण्याची आपली जुनी रीत आपणांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. त्याच तत्त्वावरची एक होडी मी गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मुलाकडे गेलो असता, पाहिली. भोपळ्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे लांब पोकळ नळे, त्यांवर सपाट तक्तपोशी, भोवती कठडा, बसावयास बाके आणि मागे इंजिन. तिला तिकडे पाँटून म्हणतात. याच राज्यातील अ‍ॅम्ब्रोज वीरेस नामक शेतकऱ्याने १९५२ साली पोलादी पिंपे एकापुढे एक जोडून त्यांवर लाकडी तक्तपोशी बसविली, तेथून हिचा आरंभ झाला. दहा एकरांहून मोठी सरोवरे त्या राज्यात अकरा हजारांवर आहेत. तेव्हा सुटीच्या दिवशी माणसे पाण्यावर जातात यात नवल नाही.

मुलाला आम्हां सात जणांसाठी एक जुनी होडी घ्यावयाची होती. दोन पसंतीस आल्या. एक अठरा फुटी, दोन नळ्यांची, चाळीस अश्वशक्तीची. गाद्या उन्हाने पार विटलेल्या. दुसरी बावीस फुटी, तीन नळ्यांची, एकशेपंधरा अश्वशक्तीची. गाद्या नव्या, खाली गालिचा नवा. किंमत मात्र दोहोंची जवळजवळ एकच! नातवंडे दुसरीवर लुब्ध झाली, आणि खरे सांगावयाचे तर मीही झालो.

मुलगा त्या गालिच्यावरून टाच दाबीत चालला. मागल्या बाजूस, इंजिनापाशी, तक्तपोशी दबली. आतले प्लायवूड कुजले होते. ते बदलावयाचे म्हणजे बाके, कठडा, सुकाणू, सारे उचकटणे आले. शिवाय रिकामी असतानाही होडी डावीकडे कललेली. तिला गाडीवर ओढून घेतली, तेव्हा डाव्या नळ्याच्या सांध्यातून बराच वेळ पाणी ठिबकत राहिले. तिकडे हिवाळ्यात सरोवरे गोठतात. नळ्यात राहिलेले पाणीही गोठते, फुगते आणि सांधा आणखी उकलते. इंजिनाला मात्र नावे ठेवण्यासारखे काही नव्हते, आणि मोह पडतो तो तेथेच.

पहिलीची तक्तपोशी टणक, नळे कोरडे. तिच्यावरील पत्र्याच्या पट्टीवर आठ माणसे आणि एकूण वजन, असे दोन्ही आकडे होते. मुलाने माणसे मोजून न थांबता बर्फाची पेटी व सामान यांचेही वजन धरले. सात जणांचा हिशेब बसला. “पाहुणे आले म्हणजे दोन खेपा कराव्या लागतील,” ही सूनबाईंची तक्रार रास्तच होती. पण पट्टीपुढे तिचा इलाज नव्हता. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. तिला धक्क्यावरून सपाट पाऊल टाकून आत जाता आले, हे मला मोठे वाटले.

दोष हिच्यातही होता. पुढल्या फाटकाचा खटका झिजला होता. चालत्या होडीच्या पुढल्या टोकाशी पाय सोडून बसण्याची मुलांना भारी हौस. तेथून पडलेले मूल दोन नळ्यांच्या मधून थेट मागल्या पंख्याकडे जाते. दहा वर्षांखालील मुलाने चालत्या होडीत तरंगजाकीट घातलेच पाहिजे असा तेथला कायदा आहे. पण जाकिटाने पंखा थांबत नाही. पहिली घेतली आणि प्रथम तो खटका बदलला.

गाद्या अद्याप विटक्याच आहेत, आणि धाकटा नातू अजून त्या मोठ्या होडीची आठवण काढतो.